दोन बेटांमधलं हवाई अंतर आणि प्रवासाचा वेळ कसा काढायचा

जमिनीवरच्या दोन शहरांमधलं हवाई अंतर काढताना चूक झाली, तर ती लवकर पकडली जाते. रस्त्याचे किलोमीटर माहीत असतात आणि हवाई अंतर त्यापेक्षा जास्त आलं की गडबड लगेच दिसते. दोन बेटांच्या बाबतीत असा ताळा घ्यायला काहीच नसतं. मधे फक्त समुद्र. आलेला आकडा अडीचशे किलोमीटरने चुकलेला असला तरी तो खराच वाटतो. म्हणून इथे हिशोबापेक्षा हिशोबाच्या आधीच्या आणि नंतरच्या पायऱ्यांना जास्त जपावं लागतं.

पहिली पायरी: नेमका विमानतळ

बेटाचं किंवा गावाचं नाव पुरेसं नाही. व्हिक्टोरिया ही सेशेल्सची राजधानी, आणि कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावरही व्हिक्टोरिया हे मोठं शहर आहे. दोघांनाही विमानतळ आहे. सिडनी म्हटलं की ऑस्ट्रेलिया आठवतो, पण कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरही सिडनी नावाचं गाव आणि विमानतळ आहे, आणि तिकीट काढताना गफलत होऊन प्रवासी या दुसऱ्या सिडनीत उतरल्याच्या बातम्या आलेल्या आहेत. उलट, कॅरिबियनमधल्या सेंट मार्टिन या एकाच छोट्या बेटावर दोन विमानतळ आहेत: डच भागात प्रिन्सेस ज्युलियाना आणि फ्रेंच भागात ग्रँड केस.

यावर उपाय म्हणजे विमानतळाचा कोड. तिकिटावर आणि बॅगेच्या टॅगवर असतो तो तीन अक्षरी आयाटा कोड. मॉरिशसचा एमआरयू, सेशेल्सच्या माहे बेटाचा एसईझेड, होनोलुलूचा एचएनएल, फिजीतल्या नाडीचा एनएएन. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रण वापरतात तो चार अक्षरी आयकाओ कोड. त्याच्या सुरुवातीच्या अक्षरांवरून प्रदेश कळतो, त्यामुळे सारख्या नावांचा गोंधळ तिथे फारसा होत नाही. दोन्ही कोड टिपून ठेवा आणि पुढे सगळीकडे नावाऐवजी कोडनेच शोधा.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश

बहुतेक चुका याच पायरीवर होतात, तेव्हा इथे घाई नको.

विमानतळाचा अधिकृत स्थानबिंदू त्या देशाच्या वैमानिकी माहिती पुस्तिकेत अंश, मिनिटं आणि सेकंदांत दिलेला असतो. हिशोबाला मात्र दशांश अंश लागतात. मिनिटांना ६० ने भागा, सेकंदांना ३६०० ने भागा आणि दोन्ही अंशांत मिळवा. मॉरिशसच्या विमानतळाचा अक्षांश साधारण २० अंश २५ मिनिटं ४९ सेकंद दक्षिण आहे, म्हणजे २०.४३०. हाच आकडा घाईत २०.२५४९ असा लिहिला तर विमानतळ १९-२० किलोमीटर सरकतो.

मग चिन्ह. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. मॉरिशस आणि सेशेल्स ही दोन्ही बेटं दक्षिण गोलार्धात आणि पूर्व रेखांशावर आहेत, त्यामुळे उणे चिन्ह विसरलं तरी उत्तर बरोबरच येतं आणि वाईट सवय लागते. आता होनोलुलू (२१.३१९ उत्तर, १५७.९२२ पश्चिम) आणि नाडी (१७.७५५ दक्षिण, १७७.४४३ पूर्व) घेऊन पाहा. चिन्हं नीट दिली तर अंतर सुमारे ५,१०७ किलोमीटर येतं. फक्त होनोलुलूच्या रेखांशाचं उणे चिन्ह गाळलं, तर येतं सुमारे ४,८३७. म्हणजे २७० किलोमीटरची चूक, आणि आकडा पाहून कुणालाही शंका येणार नाही. नाडीच्या अक्षांशाचं चिन्हही गाळलं तर अंतर २,०८० च्या आसपास उतरतं. ते निदान संशयास्पद तरी दिसतं.

तिसरी गोष्ट क्रमाची. काही नकाशे अक्षांश आधी देतात, काही माहितीसंच रेखांश आधी. मॉरिशसची अदलाबदल झाली तर बिंदू थेट उत्तर अटलांटिकमध्ये, आइसलँडच्या दक्षिणेला जाऊन पडतो. म्हणून हिशोबाआधी दोन्ही बिंदू नकाशावर टाकून पाहा. धावपट्टी दिसली पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं हे काम निम्म्याहून जास्त चुका वाचवतं.

तिसरी पायरी: अंतर

पृथ्वीगोलावर दोन बिंदूंना ताणून दोरा लावला, तर तो ज्या रेषेत बसतो तिला बृहद्वृत्त म्हणतात. सगळ्यांत जवळचा मार्ग तोच. सपाट नकाशावर हा मार्ग वाकडा दिसतो, म्हणून नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर लांबच्या बेटांसाठी निरुपयोगी आहे.

हिशोबासाठी हॅवरसाइन सूत्र वापरा. साध्या शास्त्रीय कॅल्क्युलेटरवर ते होतं. मॉरिशस (२०.४३० दक्षिण, ५७.६८४ पूर्व) ते माहे (४.६७४ दक्षिण, ५५.५२२ पूर्व) असं उदाहरण घेऊ.

१. अक्षांशांतला फरक १५.७५६ अंश. त्याच्या निम्म्याचा, म्हणजे ७.८७८ अंशांचा साइन ०.१३७०६. त्याचा वर्ग ०.०१८७८७.
२. रेखांशांतला फरक २.१६२ अंश. निम्मा १.०८१, साइन ०.०१८८६६, वर्ग ०.०००३५६.
३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन: ०.९३७१० आणि ०.९९६६७. त्यांचा गुणाकार ०.९३३९८. त्याला दुसऱ्या ओळीतल्या वर्गाने गुणा: ०.०००३३२.
४. पहिल्या ओळीतला वर्ग आणि हा आकडा यांची बेरीज ०.०१९११९. तिचं वर्गमूळ ०.१३८२७.
५. ज्याचा साइन एवढा आहे तो कोन ७.९४८ अंश. त्याची दुप्पट १५.८९६ अंश. दोन विमानतळांमधला पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन तो हाच.
६. एका अंशाला १११.१९५ किलोमीटर, म्हणून उत्तर सुमारे १,७६८ किलोमीटर.

स्प्रेडशीटमध्ये हेच करताना लक्षात ठेवा की तिथे साइन-कोसाइनला अंश चालत नाहीत, रेडियन लागतात. ७.८७८ चा साइन ०.९९९७ असा दिसला, की अंश तसेच टाकले गेले आहेत असं समजा. अंशांना पायने (३.१४१५९) गुणून १८० ने भागलं की रेडियन मिळतात. १८० अंश रेखांश ओलांडणाऱ्या जोडीची चिंता या सूत्रात करावी लागत नाही. होनोलुलू-नाडीच्या रेखांशांतला फरक ३३५.३६५ आला काय किंवा ३६० मधून वजा करून २४.६३५ घेतला काय, निम्म्याच्या साइनचा वर्ग एकच येतो.

हे झालं पृथ्वी अगदी गोल मानून. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, म्हणून विषुववृत्ताजवळ उत्तर-दक्षिण दिशेचा एक अंश प्रत्यक्षात ११०.६ किलोमीटरच्या आसपास भरतो. मॉरिशस ते माहे हा मार्ग जवळपास सरळ उत्तरेकडे जातो, त्यामुळे चपटेपणा धरून अंतर १,७५९ किलोमीटर येतं. म्हणजे फरक नऊ किलोमीटरचा, अर्ध्या टक्क्याचा. प्रवासाच्या वेळेसाठी तो नगण्य आहे. दोन संकेतस्थळांवर दोन वेगळे आकडे दिसले तर मात्र बहुधा हेच कारण असतं.

दुसरं कारण मैल. विमान वाहतुकीत सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा. प्रवाशांसाठीच्या याद्यांत बरेचदा साधा मैल असतो, १.६०९ किलोमीटरचा. हेच १,७५९ किलोमीटर एका ठिकाणी ९५० मैल आणि दुसरीकडे १,०९३ मैल म्हणून छापलेले दिसतील, आणि दोन्ही बरोबर असतील. नुसतं मैल लिहिलेला आकडा पुढच्या हिशोबात घेऊ नका.

बेटं जवळजवळ असतील, समजा पाचशे किलोमीटरच्या आत, तर एवढा खटाटोप लागत नाही. रेखांशातल्या फरकाला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणा, मग पायथागोरस लावा. सामोआतल्या अपियाजवळचा फालेओलो विमानतळ ते अमेरिकन सामोआतला पागो पागो: अक्षांशांत फरक ०.५०, रेखांशांत १.३० गुणिले ०.९७ म्हणजे १.२६. कर्ण १.३५५ अंश, म्हणजे १५१ किलोमीटर. इथे मात्र रेखांशातला फरक १८० पेक्षा जास्त आला तर तो ३६० मधून वजा केलाच पाहिजे. ही सोपी रीत हॅवरसाइनसारखी सांभाळून घेत नाही.

चौथी पायरी: विमान खरोखर किती उडतं

विमान दोऱ्याच्या रेषेत उडत नाही. ते वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उड्डाण करतं, ठरलेल्या मार्गाने बाहेर पडतं, आणि उतरताना पुन्हा वाऱ्याकडे तोंड करून धावपट्टीवर येतं. बेटावर बहुधा एकच धावपट्टी असते. वारा उलटा असला की विमानाला बेटाला वळसा घालून पलीकडून यावं लागतं. लहान मार्गांवर यासाठी २० ते ४० किलोमीटर आणि लांबच्या मार्गांवर दोन-तीन टक्के जास्त धरा.

दोन इंजिनांच्या विमानांना समुद्रावर आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एका इंजिनावर ठरावीक वेळात पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे. मूळ मर्यादा ६० मिनिटांची. खास परवानगीने, जिला इटॉप्स म्हणतात, ती १२०, १८० किंवा त्याहून जास्त मिनिटांची होते. महासागराच्या मध्यात पर्यायी धावपट्ट्या मोजक्याच असल्यामुळे मार्ग त्यांच्या दिशेने थोडा वाकवावा लागू शकतो.

पाचवी पायरी: वेग आणि गेट ते गेट वेळ

आधी त्या मार्गावर कोणतं विमान आहे ते पाहा. तिकीट काढताना विमानाचा प्रकार दिसतो. अंदाजासाठी ताशी वेग असे धरा: ब्रिटन-नॉर्मन आयलंडर २४०, ट्विन ऑटर २८०, एटीआर ७२ ला ५००, एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ ला ८३०, ए३३० ला ८७०, बोइंग ७८७ ला ९०० किलोमीटर. बेटांच्या मार्गांवर हा फरक फार मोठा ठरतो. मुख्य भूमीवरच्या जेटच्या सवयीने एटीआरचा वेळ काढला, तर लांबच्या मार्गावर तासाहून अधिक कमी भरतो.

अंतराला वेगाने भागा आणि त्यात जमिनीवर फिरणं, चढणं आणि उतरणं यांसाठी ठरावीक मिनिटं मिळवा: जेटला ३०, एटीआरला २०, लहान विमानाला १०. ही मिनिटं अंतरानुसार बदलत नाहीत. म्हणून छोट्या मार्गावर तीच वरचढ ठरतात.

मॉरिशस-माहे, ए३२० च्या वर्गातलं विमान: १,७५९ भागिले ८३० म्हणजे २ तास ७ मिनिटं, अधिक ३०. गेट ते गेट सुमारे २ तास ३७ मिनिटं. ताहितीतल्या पापेएते विमानतळापासून बोरा बोरा २५९ किलोमीटर, एटीआरने: ३१ अधिक २०, म्हणजे ५१ मिनिटं. होनोलुलू ते माउई बेटावरचं काहुलुई १६१ किलोमीटर, जेटने: १२ अधिक ३०, म्हणजे ४२ मिनिटं. यातली बारा मिनिटं निव्वळ कागदावरची आहेत, कारण एवढ्या अंतरात जेट पूर्ण उंची आणि पूर्ण वेग गाठतच नाही. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत आहे, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, २.७ किलोमीटर. वेळापत्रकात त्याला जेमतेम दोन मिनिटं असतात आणि अनुकूल वाऱ्यात ते मिनिटाच्या आत झालेलं आहे. इतक्या टोकाला कोणतंच सूत्र चालत नाही, वेळापत्रकच पाहावं.

आता वारा. ५,१०० किलोमीटर ताशी ८३० ने उडायला ६ तास ९ मिनिटं लागतात. समोरून ताशी ६० किलोमीटरचा वारा असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ७७० होतो आणि ६ तास ३७ मिनिटं लागतात. तोच वारा पाठीमागून असेल तर ५ तास ४४ मिनिटं. जाता-येता पाऊण तासाहून जास्त फरक फक्त वाऱ्याने पडतो. मध्य अक्षांशांत उंचावर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात फार जोर धरतात. टोकियो ते होनोलुलू हे अंतर सव्वासहा हजार किलोमीटरच्या आत आहे. होनोलुलूकडे जाताना साधारण सात तास लागतात, परतताना साडेआठ किंवा त्याहून जास्त. उत्तर-दक्षिण मार्गांवर, जसं मॉरिशस-माहे, हा फरक थोडाच राहतो. पूर्व-पश्चिम मार्ग असेल तर एकाच दिशेचा वेळ काढून परतीला तोच धरू नका.

सहावी पायरी: घड्याळ आणि तारीख

इथे एकच रीत पाळा. निघण्याची स्थानिक वेळ यूटीसीत, म्हणजे जगभर समान मानलेल्या प्रमाणवेळेत बदला, त्यात प्रवासाचा वेळ मिळवा, मग उतरण्याच्या ठिकाणच्या वेळेत बदला. स्थानिक वेळांची थेट वजाबाकी करू नका. वाररेषेपाशी ती हमखास फसते.

होनोलुलू यूटीसीच्या १० तास मागे, नाडी १२ तास पुढे. सोमवारी सकाळी १० ला होनोलुलूहून निघालात, म्हणजे यूटीसी सोमवार २०:००. प्रवास ६ तास ४० मिनिटांचा धरला तर यूटीसी मंगळवार ०२:४०. अधिक १२: नाडीत मंगळवारी दुपारी २:४०. परतताना नाडीहून सोमवारी रात्री ९ ला निघालात, तर होनोलुलूत त्याच सोमवारी पहाटे ५:४० ला उतरता. निघण्याच्या आधीच पोहोचलात असं तिकिटावर छापलेलं दिसेल आणि ते बरोबर आहे.

सर्वांत विलक्षण जोडी सामोआची. अपिया यूटीसीच्या १३ तास पुढे, पागो पागो ११ तास मागे. अंतर १५१ किलोमीटर, फरक बरोबर २४ तासांचा. २०११ च्या अखेरीस सामोआने वाररेषेची बाजू बदलली, तेव्हा तिथे ३० डिसेंबर हा दिवस उगवलाच नाही. आता मंगळवारी सकाळी १० ला अपियाहून ट्विन ऑटरने निघालं, तर पागो पागोला सोमवारी पावणेअकराच्या सुमारास उतरायचं. घड्याळाचे काटे हलवावे लागत नाहीत, फक्त तारीख बदलते, आणि म्हणूनच खोलीचं आरक्षण चुकीच्या रात्रीचं होतं. खोली नेहमी उतरण्याच्या ठिकाणच्या तारखेनेच घ्या. होनोलुलू आणि किरिबातीतलं किरितिमाती यांच्यातही असाच पूर्ण दिवसाचा फरक आहे.

अर्ध्या-पाऊण तासांच्या प्रमाणवेळाही काही बेटांवर भेटतात. फ्रेंच पॉलिनेशियात ताहिती यूटीसीच्या १० तास मागे आणि मार्केसास बेटं साडेनऊ तास मागे. पापेएते ते नुकु हिवा, १,४०७ किलोमीटर, एटीआरने हिशोबाप्रमाणे ३ तास ९ मिनिटं, पण घड्याळात ३ तास ३९ दिसतात. न्यूझीलंडची चॅटम बेटं पावणेतेरा तास पुढे. लॉर्ड हाव बेटावर तर उन्हाळी वेळेसाठी घड्याळ अर्धाच तास पुढे करतात. उन्हाळी वेळ एका टोकाला असून दुसऱ्या टोकाला नसेल, तर फरक वर्षातून दोनदा बदलतो. ऑकलंड आणि नाडी यांची घड्याळं काही महिने एकच वेळ दाखवतात, काही महिने एका तासाचा फरक. तारीख ठरल्याशिवाय हा हिशोब करू नका.

सातवी पायरी: तिकिटावर न दिसणारा वेळ

सरळ अंतर आणि प्रत्यक्ष उड्डाण यांत थांबे येतात. होनोलुलू ते ग्वाम थेट विमानाने सुमारे आठ तासांचा प्रवास आहे. त्याच दोन टोकांमध्ये बेटाबेटांवर थांबत जाणारं युनायटेड एअरलाइन्सचं विमान माजुरो, क्वाजालीन, कोस्राए, पोनपे आणि चूक या बेटांवर उतरत जातं आणि त्याला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागतो. प्रत्येक थांब्याला उतरणं, चढणं आणि जमिनीवरचा तासभर धरा. तिकिटात एकच उड्डाण क्रमांक दिसला म्हणून ते विनाथांबा आहे असं मानू नका. थांब्यांची संख्या वेगळी छापलेली असते, ती पाहा.

विमानतळ बेटावर असला तरी तुमच्या मुक्कामाच्या बेटावर असेलच असं नाही. बोरा बोराचा विमानतळ मुख्य बेटावर नसून प्रवाळकड्यावरच्या वेगळ्या छोट्या बेटावर आहे, तिथून बोटीनेच जावं लागतं. मालदीवचा मुख्य विमानतळही राजधानी मालेवर नाही, शेजारच्या हुलहुले बेटावर आहे. २०१८ मध्ये पूल झाल्यापासून मालेला गाडीने जाता येतं, पण दूरच्या बेटांसाठी पुढे स्पीडबोट किंवा समुद्रविमान लागतं. समुद्रविमानं दिवसाउजेडीच उडतात. दुपार कलल्यावर पोहोचणारं विमान घेतलं तर पुढचा टप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मधे एक रात्र. अनेक लहान बेटांच्या धावपट्ट्यांवर दिवे नसतात, तिथेही हेच लागू होतं.

आठवड्याचे वार तपासा. दोन बेटांमध्ये रोज विमान असणं हीच मुळात चैन आहे. आठवड्यातून एक-दोनच उड्डाणं असतील तर अडीच तासांच्या प्रवासासाठी तीन दिवस थांबावं लागतं, आणि मुख्य भूमीवरून वळसा घालणं अंतराने तिप्पट असूनही लवकर पोहोचवतं. दोन्ही पर्याय मांडून उतरण्याची वेळ काढा, मग ठरवा.

हवामानाची गोष्ट शेवटी, पण ती सर्वांत जास्त खोळंबा करते. मदेइरा बेटावरच्या फुंशाल विमानतळावर वाऱ्याच्या मर्यादा नियमाने ठरवलेल्या आहेत. वारा त्याबाहेर गेला की विमान घिरट्या घालतं, शेजारच्या पोर्तु सांतु बेटावर किंवा आणखी लांब उतरतं किंवा परत फिरतं. जवळ पर्यायी विमानतळच नसेल, तर पोहोचल्यावर जादा उडत राहता येईल एवढं इंधन बरोबर न्यावं लागतं, जेटला आणि एटीआरसारख्या टर्बोप्रॉप विमानाला साधारण दोन तासांचं. त्या वजनामुळे प्रवासी किंवा सामान कमी घेतलं जातं. बॅग मागून येणं हे अशा मार्गांवर नेहमीचं आहे, तेव्हा औषधं आणि एका दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. बेटावरून येऊन पुढे लांबचं विमान पकडायचं असेल आणि दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढलेली असतील, तर मधे तासांचं नाही, एका रात्रीचं अंतर ठेवा.